मोटा-महीन

अकोला, ४ नोव्हेंबर २०२४

गयास,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फाडलं नसशील, तर पुढे वाच. तुझा पत्ता वरूडला मिळाला. तिथे संत्र्यांच्या मंडईत एका जुन्या लाकडी खोक्यावर इंग्रजी अक्षरं दिसली, पायवाली, आणि हे खोकं कोणी रंगवलं म्हणून मी विचारत सुटलो. एक आडत्या म्हणाला, "गयासुद्दीनभाई अमरावतीहून येत जायचे. आता नाही येत." त्याच्याकडे तुझा फोन नंबरही होता, तो मी मुद्दाम घेतला नाही. फोन तू कापला असतास. पत्र निदान हातात तरी घेशील.

तेवीस वर्षांनी लिहितो आहे तर आधी खुशाली कळवायला हवी. मी अडुसष्टचा झालो. जमुना बरी आहे, रजियाभाभींची आठवण काढते. फ्लेक्स आल्यावर मी दोन वर्षं तग धरला, मग दुकानाचं शटर ओढलं. आता त्यात मोबाइलवाला बसतो.

काम असं. आकांक्षा नावाची एक मुलगी आहे, तुमच्या अमरावतीचीच, सत्तावीस वर्षांची. मुंबईला जाऊन अक्षरं काढायचं शिकून आली. होय, त्याचंही आता कॉलेज असतं. ती फॉन्ट बनवते. फॉन्ट म्हणजे कॉम्प्युटरातली अक्षरं. एकदा नीट काढून आत बसवली की कोणीही बटण दाबावं आणि हुबेहूब तेच अक्षर उमटावं. वर्षभर ही पोरगी अकोल्या-अमरावतीच्या गल्ल्यांत जुन्या पाट्यांचे फोटो काढत हिंडते आहे. आपल्या काळच्या एकोणीस पाट्या तिला सापडल्या. मला वाटलं होतं एकही उरली नसेल. काही तर फ्लेक्सच्या मागेच दडलेल्या निघाल्या. कोपऱ्यात आपल्या दुकानाचं नाव आहे, त्यावरून ती माझ्यापर्यंत पोचली.

तिला त्यातलं जाड-बारीक अक्षर हवं आहे, तू ज्याला मोटा-महीन म्हणायचास ते. उभी रेघ चार-चार बोटं जाड, आणि वळण आलं की केसाएवढी. इंग्रजी असेल तर प्रत्येक अक्षराच्या पायाशी ती आडवी टोकदार पट्टी. तिने मला ते कॉम्प्युटरवर दाखवलं. एवढ्याशा काचेत आपली अठरा फुटी पाटी. मी दोनदा पाणी प्यायलो.

एकोणीस पाट्यांतून जवळजवळ सगळं मिळालं, पाच अक्षरं अडली आहेत. ढ, ऋ, ङ, ञ आणि इंग्रजी क्यू. ङ आणि ञ कोणत्या दुकानदाराला लागतात? आणि क्यूचं म्हणशील तर क्वालिटी विकायला आपल्या गावात कोणी बसलंच नव्हतं.

तेवढी पाच काढून पाठव. माझा डोळा पहिल्यासारखा राहिला नाही, म्हणून तुला त्रास. बाकी काही नाही.

देवीदास
(देवीदास आर्ट, अकोला)


अकोला, १७ नोव्हेंबर २०२४

गयास,

ढ आला.

दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये होता. आधी मी चिठ्ठी शोधली. चिठ्ठी नव्हती. नुसता ढ, वीतभर उंचीचा, काळ्या रंगात. मी खुर्चीत बसलो तो जमुनाने दुसऱ्यांदा जेवायला हाक मारेपर्यंत उठलो नाही.

डोक्याची आडवी रेघ आणि तिच्यातून उतरणारा छोटा दांडा, इथपर्यंत मलाही येतं. मग पोट सुरू होतं आणि इथेच घोडं पेंड खातं. तुझी रेघ फुगत जाते, आणखी फुगते, आणि तळाशी वळताना इतकी पातळ होते की वाटतं, आता तुटली. तुटत नाही. तशीच आत वळून गुंडाळी घेते आणि पुन्हा भरते. मी चष्म्याने पाहिलं, मग भिंगाने पाहिलं. ब्रश कुठे उचललास ते सापडलं नाही. त्रेसष्टाव्या वर्षी हा हात. खरं सांगू, मला भीती वाटली. अंधाऱ्या गाभाऱ्यात अचानक समई लागली की वाटते तशी.

जमुना पदराला हात पुसत आली आणि मागे उभी राहिली. म्हणाली, "हे गयासभाईचं हाय. तुमी इतके दिवस जे गिरवून राहिले त्याच्यात न् ह्याच्यात लय फरक हाय बाप्पा."

बायको घरात असली की ताकाला जाऊन भांडं लपवता येत नाही. तर ऐक. डोळ्याचं कारण खोटं होतं. डोळा डॉक्टरने चांगला करून दिला आहे. तुला लिहिण्याआधी अठरा दिवस मी रोज सकाळी अंगणात बसून ढ काढत होतो. शाळेत मास्तर मला ढ म्हणायचे, तेवढाच एक मला आयुष्यात जमला. बाकी सगळे सुजलेले, नाहीतर उपाशी. पंधरा वर्षं मी तुझ्या शेजारी उभा राहिलो. आखणी माझी, खडूची दोरी माझी, पार्श्वभूमी माझी, सावली माझी, गिऱ्हाइकाशी बोलणं माझं. वाटलं होतं, एवढ्या वर्षांत अक्षरही थोडंफार अंगात उतरलं असेल. अंगात काही उतरलेलं नाही.

परवा आकांक्षा आली. मी ढ तिच्यासमोर ठेवला. ती उकिडवी बसली. मग म्हणाली, "काका, इतके दिवस तुम्ही हात चालत नाही म्हणत होते, आणि हे काय काढलं?"

मी काही बोललो नाही. तोंडात सुपारी होती.

देवीदास


अकोला, ३० नोव्हेंबर २०२४

गयास,

ऋ मिळाला. ऋ कसा आहे ते लिहीत नाही, मला तेवढे शब्द येत नाहीत. जमुनाने तो देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात ठेवला आहे, उंदराच्या भीतीने म्हणे.

मागच्या बाजूला तू पेन्सिलीने एक ओळ लिहिली आहेस. "खुशालरावचा बोर्ड अजून हाय का?" तेवीस वर्षांत तुझं हे पहिलं वाक्य, आणि नेमकं तेच विचारलंस.

आहे. खुशाल कृषी केंद्र, अठरा फूट, निळ्यावर पिवळं. खुशालराव वारले, आता त्यांचा किशोर दुकान पाहतो. पाटीवर सतरा वर्षं बियाण्यांचा फ्लेक्स होता, त्यामुळे रंग काल लावल्यासारखा आहे. एकोणिसांत तीच सगळ्यात धड, म्हणून आकांक्षाने तीच मूळ धरली. जाड रेघ किती, बारीक किती, हे सगळं माप तिने त्या पाटीवरून घेतलं आणि बाकीची अक्षरं त्याला जुळवली. आता सुपारी थुंकून पुढचंही सांगतो. तिला वाटतं, ही अक्षरं माझी आहेत. फॉन्टचं नाव तिने 'देवीदास' ठेवलं आहे. पाच जानेवारीला अमरावतीत कार्यक्रम आहे. त्या दिवसापासून फॉन्ट सगळ्यांना फुकट, आणि सगळ्यात आधी तो वरूडच्या शेतकऱ्यांच्या संत्र्यांच्या खोक्यांवर छापला जाणार.

तू का गेलास हे मला माहीत आहे. खुशालरावांच्या दुकानाचं उद्घाटन मी विसरलेलो नाही. ईद करून तू अमरावतीहून थेट मांडवात आलास आणि मागे शिडीला टेकून उभा राहिलास. मला शाल दिली, नारळ दिला, माइक दिला. खुशालराव म्हणाले, असं अक्षर अख्ख्या वऱ्हाडात नाही. आणि मी माइकवर म्हणालो, ही माझी वीस वर्षांची साधना. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर फणा काढून डोलतोय. दुसऱ्या दिवशी तुझा ब्रशांचा डबा दुकानात नव्हता.

लोक म्हणतील पाटीवर दुकानाचंच नाव असतं, तशी पद्धतच आहे. मीही स्वतःला तेच सांगत आलो. पण पद्धतीने मला साधना म्हणायला लावलं नव्हतं. मला ते आवडलं होतं, गयास. खांद्यावर शाल पडली तेव्हा फार आवडलं होतं.

फॉन्टला गयासचं नाव लाव, असं मी आकांक्षाला सांगणार आहे. जवळजवळ ठरलंच आहे. त्याआधी एकदा तुझ्या दारात येऊन माफी मागतो. बारा तारखेला येतो. बाकीची तीन अक्षरंही तेव्हाच घेईन.

देवीदास


अकोला, १३ डिसेंबर २०२४

गयास,

काल तू समोर होतास, तरी आज लिहितो आहे, कारण काल मी उत्तर न देता उठलो. तुझ्या लुबनाने केलेला चहाही तसाच राहिला. एवढीशी होती ती पोर, आता शाळेत शिकवते. तिला सांग, चहाला नाव ठेवलं नाही.

मी पाठ करून आलो होतो. शालीबद्दल माफी, माइकबद्दल माफी, नावाबद्दल माफी. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "नावाचं काय घेऊन बसले देवाभाऊ? पाटीवर मालकाचंच नाव राह्यते. माह्या बापानं जिंदगीभर पाट्या लिवल्या, एकीवर त्याचं नाव नाही. त्याच्यासाठी कोणी घर सोडते का?"

मला वाटलं, सुटलो. क्षणभर मला इतकं हलकं वाटलं की मी कपाला हात घातला. आणि तू विचारलंस, "रेघ काहून जाड केली?"

तुझा आवाज चढलासुद्धा नव्हता. "मी चार दिवस ईदले गेलो, न् तुमी माह्या महीन रेघंवर ब्रश फिरवला. मी मांडवात आलो, वर पाह्यलं, न् ते माहं अक्षरच नव्हतं. मेलेलं होतं. न् तुमी त्याच्याखाली हार घालून उभे. बाकीचे तीन मी नाही काढत. त्या जाड्या पंगतीत मले माहे अक्षरं बसवायचे नाहीत."

तेवीस वर्षं मी चुकीच्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होतो आणि खरा गुन्हा विसरूनही गेलो होतो. विसरलो म्हणतो, पण ते खरं नाही. आज तुला सगळं सांगतो.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी खुशालराव रस्त्याच्या पलीकडे उभे राहून ओरडले, "देवीदास, हे बारीक रेघ काही दिसून नाही राहिली. अर्धं अक्षर हवेत लटकलं वाटते. जाड कर, नाईतं दुसरा पेंटर पाहतो." मी त्यांच्या शेजारी उभा होतो. मला ती रेघ दिसत होती. स्पष्ट दिसत होती. तसं म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. गयास येईपर्यंत थांबा, हे दुसरं. दोन्ही मी गिळली, शिडी लावली आणि पिवळा डबा घेऊन वर चढलो. सगळ्या बारीक रेघा मी दुपारपर्यंत जाड केल्या.

आणि वर असताना मला आनंद झाला होता. हे मी जमुनालाही सांगितलेलं नाही. पंधरा वर्षं ज्या अक्षराला मला हात लावता आला नाही, त्यात पहिल्यांदा माझा ब्रश होता. म्हणून माइकवर मी साधना म्हणालो ते मला तेव्हा पूर्ण खोटंही वाटलं नव्हतं. वाटलं, आता थोडं माझंही आहे.

यावर माफी काय मागतात ते मला येत नाही. नावाची माफी मागणं सोपं होतं.

आकांक्षाने माप घेतलं आहे ते त्याच पाटीवरून, म्हणजे माझ्या रेघेवरून. पाच तारखेनंतर ती रेघ हजारो खोक्यांवर छापली जाईल, आणि लोक म्हणतील, हे वऱ्हाडचं अक्षर. तू काल माझ्यामागे दार लावलंस, ते बरोबर केलंस.

देवीदास


अकोला, २६ डिसेंबर २०२४

गयास,

हे शेवटचं पत्र. तुला उत्तर द्यायची गरज नाही.

चौदा तारखेला सकाळी मी आकांक्षाला बोलावलं आणि सगळं सांगितलं. अक्षर कोणाचं, ढ कोणाचा, ऋ कोणाचा आणि रेघ कोणी मारली. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "काका, मले वर्षभर एक गोष्ट समजून नव्हती राहिली. अठरा पाट्यांवर बारीक रेघ बारीक हाय, पण रंग उडून ती जागोजाग तुटली. ह्या एकाच पाटीवर ती अखंड हाय, पण जाड. मले वाटलं, पुढे पुढे पेंटरचा हात सुधरला असन." मग मात्र ती रडली. नऊ महिन्यांचं काम होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या.

मी म्हणालो, चल.

किशोरच्या दुकानाला शिडी लावली. जमुनाने खालून धरली. पासष्टाव्या वर्षी नवऱ्याची शिडी धरावी लागते म्हणून ती तोंडाने सुरूच होती. मी वर जाऊन 'खुशाल'च्या ख वर नख फिरवलं आणि नखाला ती लागली. माझ्या रंगाखाली एक बारीक उंचवटा होता. तुझी कड. तेवीस वर्षं तिथेच होती.

रॉकेलची चिंधी आणि दाढीचं पातं, एवढंच घेतलं. पहिल्यांदा पातं टेकवलं आणि तसाच खाली उतरून बसलो. पुन्हा चढलो. माझा पिवळा पापुद्रा-पापुद्रा होऊन सुटत होता. तुझ्या रंगाने पत्रा सोडला नव्हता. माझ्या रंगाखालून निळं निघालं, आणि निळ्याच्या मध्ये ती. गयास, मी पंधरा वर्षं ती रेघ तू मारताना पाहिली होती, पण नाकापासून वीतभर अंतरावर कधी पाहिली नव्हती. इतकी बारीक, आणि कडा कुठे हललेली नाही. दोन फुटी अक्षर, उघड्या शिडीवर, मार्चच्या वाऱ्यात. माणसाने हे केलं हे मला माहीत आहे, तो माणूस मला माहीत आहे, तो माझ्या डब्यातली भाकरी खायचा. तरी मला विश्वास बसेना. मी वरच हात जोडले. खाली लोक जमले होते, त्यांना वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली.

रोज सकाळी ऊन तापेपर्यंत काम केलं. नऊ दिवस लागले. एका सकाळी बिघडवलेलं सुधारायला नऊ सकाळी, हा हिशेब मला ठीक वाटला. 'कृषी'च्या कृ मध्ये एका जागी माझं पातं खोल गेलं आणि तुझ्या रेघेला तांदळाएवढी चीर पडली. ती मी बुजवली नाही.

रविवारी शेवटचा कोपरा झाला. किशोर रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "हे असं होतं? मंग बाबाले काहून नाही दिसलं?"

मी म्हटलं, "त्यायले पुढच्या वर्षी चष्मा लागला. पण मले दिसत होतं, किशोर."

ते मी सगळ्यांसमोर म्हटलं. पाटी पाहायला थांबलेले आठ-दहा लोक होते, दोघे-तिघे जुने पेंटर. अक्षर गयासुद्दीनचं, हेही म्हटलं. माइक नव्हता, पण मला जमेल तेवढ्या मोठ्याने म्हटलं.

आकांक्षाने शिडीवर चढून माप घेतलं. जाड रेघ पाच इंच. बारीक रेघ तीन मिलिमीटर. माझी अकरा होती. ती खाली उतरून दुकानाच्या पायरीवर बसली आणि त्या तीनकडे पाहत राहिली. म्हणाली, "काका, सगळं पहिल्यापासून काढा लागते." तोंडावर मात्र असा आनंद होता की विचारू नकोस.

पाच तारखेचा कार्यक्रम तिने रद्द केला. खोकी साध्या अक्षरात जातील, जाऊ देत. फॉन्टला सध्या नाव नाही. खोक्यावरची लहान अक्षरं छापताना त्याच प्रमाणात ही रेघ आणखी बारीक होऊन तुटेल अशी तिला धास्ती आहे. लहान अक्षरात रेघ किती ठेवायची, हे तिने मला विचारलं. मी म्हटलं, मला विचारू नकोस, मी याच प्रश्नाचं एकदा उत्तर दिलेलं आहे.

ती येत्या गुरुवारी सकाळी तुझ्याकडे येते. एकटी येते. मी सोबत येत नाही, कारण मी शेजारी उभा असलो की लोक मलाच विचारतात. पाटीचे फोटो ती आणेल, आधीचे आणि आताचे. उरलेली तीन अक्षरं द्यायची की नाही, नाव काय ठेवायचं, की काही ठेवायचंच नाही, ते तुझं तू ठरव. ती लिहून घेईल. मी तिला बजावलं आहे की गयासुद्दीनभाई रेघ जेवढी सांगतील तेवढीच ठेवायची, कोणाला दिसली नाही तरी.

तिच्यासाठी दार उघड.

देवीदास